कळव्याचा ड्रम ब्रेकवाला: नट आवळून पाठवत नाही, चाक खोलून दाखवतो

जुन्या मोटारसायकलचे ब्रेक दाखवायला ठाण्याच्या आसपास कुठे जावं असं कोणी विचारलं, तर सध्या मी एकच जागा सांगते. कळव्यात खारेगावच्या रस्त्याला, हार्डवेअरच्या दुकानाला लागून एक शटर आहे. पाटी नाही. बाहेर टेकवून ठेवलेल्या टायरवर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘ड्रम ब्रेक, क्लच, केबल’ एवढंच लिहिलंय. चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. मूळचे साताऱ्याकडचे, साठीच्या पुढचे, बोलणं कमी आणि तेही बहुतेक गाडीशीच.

माझी गाडी म्हणजे बाबांची १९९८ ची हिरो होंडा स्प्लेंडर. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी ती चालवणं थांबवलं आणि बरीच वर्षं ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये खाडीचा वारा खात नुसती उभी होती. आता मी चालवते. कळव्याहून विटावा, दिघा, ऐरोली करत रबाळे एमआयडीसी. तिथे एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची जबड्यांची पट्टी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस आणि मध्ये आपण. ब्रेक ‘बरे आहेत’ म्हणून भागेल असा हा रस्ता नाही.

नोंदणीची १५ वर्षं कधीच संपली, आता दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना निदान सीबीएस (एका ब्रेकने दोन्ही चाकं थांबवणारी जोडणी) आणि त्यावरच्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, पण आमच्या गाड्यांना यातलं काही लागू नाही आणि नंतर बसवूनही घेता येत नाही. पुढे एक केबल, मागे एक रॉड आणि दोन्हीकडे दोन-दोन शू, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ ड्रमला आतून घासून थांबवणाऱ्या कमानी, एवढ्यावरच आपला जीव.

मागचा ब्रेक खोल जायला लागला की बहुतेक गॅरेजांत एकच उपचार होतो. पोरगा खाली बसतो, ब्रेक रॉडच्या टोकाचा नट दोन फेरे आवळतो, पेडल वर येतं, ‘झालं ताई’. पैसेसुद्धा घेत नाही बिचारा. एका सर्व्हिस सेंटरने तर कार्डावर ‘ब्रेक तपासले, ओके’ असं लिहूनही दिलं होतं. चाक जागचं हललंसुद्धा नव्हतं. नट आवळला की शू ड्रमच्या जवळ जातात हे खरं. पण शू किती उरलेत, त्यांच्यावरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनर, नीट चिकटलेलं आहे का, ड्रमची दशा काय, यातलं काही बाहेरून दिसत नाही. डिस्क असेल तर वाकून पॅड बघता येतात. ड्रम खोलावाच लागतो.

मामांनी गाडी मेन स्टँडवर घ्यायला लावली आणि नटाला हात न लावता आधी नुसतं बघितलं. ‘ताई, नट लय पुढं आलाय.’ मग मला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगितलं आणि रॉड जिथे आर्मला, म्हणजे ब्रेक फिरवणाऱ्या बाहेरच्या छोट्या दांडीला, मिळतो तिथे बोट ठेवलं. ब्रेक पूर्ण लागलेला असताना रॉड आणि आर्म यांच्यातला कोन काटकोनाच्या पलीकडे जाता कामा नये. गेला, की पाय कितीही दाबला तरी जोर कमी पोचतो. त्याहून वाईट म्हणजे आतला कॅम (आर्मबरोबर फिरून शू पसरवणारा तुकडा) गरजेपेक्षा जास्त फिरून तसाच अडकू शकतो. मग पाय काढला तरी शू मागे येत नाहीत आणि चाक धरलेलं राहतं.

माझा कोन जेमतेम काटकोनात होता, म्हणजे दिसायला पास. मामांनी कॅमचं टोक फडक्याने पुसलं आणि टॉर्च मारला. कॅमच्या टोकावर एक ठिपका ठोकलेला असतो, आर्मवर एक, आणि ते दोन्ही समोरासमोर यायला हवेत. माझ्या गाडीचे ठिपके एका दाताने चुकलेले होते. मागे कधीतरी कोणीतरी आर्म काढून एक दात सरकवून बसवला होता, जेणेकरून झिजलेल्या शूवर अजून काही महिने निघावेत आणि नटाला परत जागा मिळावी. त्यामुळे कोन सांगत होता त्याच्यापेक्षा कॅम आतून जास्त फिरलेला होता. झीज दाखवणारी बाणाची पत्र्याची पट्टी तर जागेवर नव्हतीच, खोलाखोलीत कुठेतरी पडली असणार. ज्या गाड्यांना बाण थेट आर्मवरच असतो तिथे आर्म सरकवला की बाणही खोटं बोलायला लागतो. बाण खुणेच्या आत आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी एकदा ते ठिपके बघून घ्यावेत. पाना लागत नाही, टॉर्च पुरतो.

चाक काढण्याआधी मामा टॉर्क आर्मकडे वळले. ब्रेक प्लेटला स्विंग आर्मशी बांधून ठेवणारी ही पट्टी. ब्रेक लागला की प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते आणि ही पट्टी तिला धरून ठेवते. हिचा बोल्ट निघाला तर ब्रेक दाबल्या क्षणी प्लेट गरकन फिरते, रॉड वाकतो आणि चाक जाम होऊ शकतं. माझा नट घट्ट होता, पण स्प्लिट पिनच्या जागी वायरिंगची तार पिळून घातलेली. मामांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली, काही बोलले नाहीत. नवी पिन ५ रुपयांना येत असेल.

ड्रम उघडल्यावर मी माझा व्हर्निअर काढला. मागच्या चाकातल्या दोन शूंपैकी पुढच्याचं लायनर सगळ्यात पातळ जागी २.४ मिमी, मागच्याचं ३.१. हा फरक साहजिक आहे. एक शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रममध्ये ओढला जातो आणि जास्त काम करतो, दुसरा मागे ढकलला जातो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये बदलायची मर्यादा २ मिमी दिलेली असते. म्हणजे कारखान्यात हाच तुकडा माझ्या टेबलावर आला असता तर हिरवा स्टिकर लागला असता.

मामांनी शू हातात घेतला आणि हॅक्सॉच्या पात्याचं घासून पातळ केलेलं टोक लायनर आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यात घातलं. एका कडेला ते नखभर आत गेलं. आत पांढरट पूड. लायनर शूवर चिकटवलेलं असतं. उष्णता, ओल आणि वर्षं या तिघांनी मिळून ते बंधन कुजत जातं, आणि खाडीकाठी उभ्या असलेल्या गाडीत कडेने ओल शिरली की ॲल्युमिनियमच खालून खायला लागतं. असं लायनर भर वेगात सुटलं तर तुकडा शू आणि ड्रमच्या मध्ये अडकून चाक धरतो, नाहीतर ब्रेकच उरत नाही. जाडी ३.१ आहे की ४ आहे याला तेव्हा काही अर्थ नसतो.

यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. गाडी किती चालली ते जाडीवरून कळतं, किती वर्षांची झाली ते कळत नाही. ‘बाबांची गाडी आहे, फारशी चाललेली नाही, ब्रेक अजून कंपनीचेच आहेत’ हे आपण कौतुकाने सांगतो. मामांच्या लेखी तीच तक्रार असते. चाललेल्या गाडीचे शू निदान बदललेले तरी असतात.

मी तिथे असताना एक मुलगा यामाहा आरएक्स १०० घेऊन आला होता, चकचकीत, टाकीवर नवे स्टिकर. त्याच्याकडे कुर्ल्याहून मिळवलेला ब्रेक शूचा जुना, सील न फोडलेला डबा होता आणि तो बसवायचा होता. ही गाडी भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, तेव्हा त्या काळातला ‘ओरिजिनल नवा’ डबा किती जुना ते आपणच मोजावं. मामांनी डबा उघडला, लायनरच्या कडेवर पातं फिरवलं, परत ठेवला. ‘बाळा, हे कपाटात ठेव. गाडीला आजचं घाल.’ पोरगा हिरमुसला. डबा महाग पडला असणार. पण मला ते आवडलं. गिऱ्हाइकाने स्वतः आणलेला माल नाकारायला या धंद्यात धीर लागतो.

दुपारची वेळ असेल आणि कोणी विचारलं तर मामा राजदूत ३५० वर बोलतात. त्या गाडीच्या जपानी भावंडाला, यामाहा आरडी ३५० ला, पुढे डिस्क होती, आपल्याकडे १९८३ मध्ये आली ती ड्रम घेऊन. पण साधा ड्रम नव्हे, दोन कॅमचा, म्हणजे दोन्ही शू चाकाबरोबर ओढले जाणारे. दोन आर्मना जोडणारी छोटी दांडी नीट लावली नाही तर एकच शू काम करतो, दुसरा नुसता बसून असतो, आणि मालक म्हणतो कंपनीने ब्रेकच वाईट दिले. मामांच्या मते त्या गाडीच्या ब्रेकची निम्मी बदनामी त्या दांडीने केली. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण दांडी लावायची पद्धत त्यांनी एका बुलेटवर दाखवली आणि ती चोख होती.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

पहिली आणि मोठी: मामांच्या हाताखालचा पोरगा ड्रम उघडल्या उघडल्या हवेची नळी घेऊन आला. काळ्या भुकटीचा लोट उठला असता आणि आम्ही तिघे तोंड उघडं टाकून शेजारी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि नुसतं बघून कोणालाही सांगता येत नाही की आहे की नाही. ती भुकटी फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यायची आणि फडका पिशवीत बांधून टाकायचा. मी हात धरून थांबवलं. मामांनी वाद घातला नाही, साबणाच्या पाण्याची बादली मागवली. पण मी नसताना नळीच चालत असणार. तुम्ही गेलात तर आधीच सांगा, आणि पोरं बरोबर असतील तर त्यांना रस्त्यापलीकडे रसवंतीवर बसवा.

दुसरी तक्रार मापाची. मामा ड्रमचा आतला व्यास मोजायला व्हर्निअरचे छोटे जबडे थेट काठाला लावतात. शू काठापर्यंत घासत नाही, त्यामुळे काठाशी न झिजलेली कड उभी राहते आणि झिजलेला भाग तिच्या आत असतो. कडेवर माप घेतलं की ड्रम कायम नवाच दिसणार. मी इनसाइड कॅलिपर नेला होता. कडेच्या आतून तीन दिशांनी घेतलं तर मागचा ड्रम ११०.६ मिमी भरला, तीनही मापांत फारसा फरक नाही, म्हणजे गोलाई शाबूत. ड्रमची मर्यादा बहुधा आतच कोरलेली असते. ११० च्या ड्रमला १११, १३० च्या ड्रमला १३१. कॅलिपर कसा धरला ते मामांनी दोनदा बघितलं आणि ‘हे बरंय’ म्हणाले. पुढच्या वेळी त्यांच्याकडे तो दिसतो का बघायचं आहे.

ड्रमला लेथवर कट मारून घ्यावा का, असं विचारलं. नको म्हणाले. हलक्या रेघा आहेत, खोल खाच नाही, आणि कट मारला की उरलेलं ०.४ सुद्धा जाईल. शिवाय स्पोकचं चाक असेल तर आधी सगळे स्पोक सारखे ओढून मगच, चाक अख्खं बांधलेलं असतानाच लेथवर चढवायचं. नुसत्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) कट मारून नंतर स्पोक ओढले की ड्रम परत लंबगोल होतो. लिव्हर हाताखाली किंवा पेडल पायाखाली लयीत उचलल्यासारखं वाटत असेल तर मात्र लेथवाला गाठावा लागतो. कळव्यातच एक आहे, मामा पाठवतात.

नवे शू बसवतानाचं काम बघण्यासारखं होतं. कॅम बाहेर काढून त्याच्या दांड्यावरचा गंज पॉलिश पेपरने घालवला. नव्याण्णव जण हे करत नाहीत, आणि ब्रेक सोडल्यावर सावकाश मागे येतो त्याचं कारण बहुतेकदा हाच गंज. ग्रीस कॅमला आणि पलीकडच्या पिनला, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त लावलं की गरम होऊन लायनरवर उतरतं आणि तेल प्यायलेलं लायनर परत कामाचं राहत नाही. चाकाच्या बेअरिंगचं सीलही याच कारणासाठी बघितलं. जुन्या स्प्रिंगांचे वेढे सैल पडलेले, म्हणून नव्या शूबरोबर आलेल्या स्प्रिंगाच घातल्या. लायनरच्या पुढच्या धारेवर कानस फिरवून हलका उतार दिला, नाहीतर ती धार ड्रमला चावते आणि ब्रेक किंचाळतो. शेवटी आर्म ठिपक्याला ठिपका लावून बसवला, आणि नटाला परत अर्ध्याहून जास्त आटे मिळाले.

पुढचं चाक तुलनेने बरं निघालं. लायनर ठीक, चिकटलेलं, फक्त वरून काचेसारखं गुळगुळीत. तरी मी ते बदलूनच घेतलं, कारण मागचं आणि पुढचं एकाच वयाचं. केबल मात्र लिव्हरकडच्या टोकाला, निपलच्या (टोकाच्या धातूच्या गोळ्याच्या) मुळाशी, तुटायला लागली होती; दोन तारा उसवलेल्या. बाहेरचं रबर सरकवल्याशिवाय हे दिसत नाही. चाक परत घालताना ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या उंचवट्यावर बसली आहे ना, हे मामांनी मला हात लावून बघायला सांगितलं. ती बसली नाही तर पुढे तेच होतं जे मागे टॉर्क आर्म निघाल्यावर होतं. मग एक्सलचा नट ढिला ठेवून, लिव्हर दाबून धरून, तसाच आवळला. त्याने शू ड्रमच्या बरोबर मध्यावर येतात. फुकटची युक्ती आहे आणि लिव्हरमधला फरक लगेच जाणवतो.

प्ले ठेवण्याबाबत आमचं थोडं वाजलं. मला लिव्हर जवळून धरणारी आवडते. मामा म्हणाले, पुढे टोकाला १० ते २० मिमी आणि मागे पेडलला २० ते ३० मिमी मोकळा खेळ पाहिजेच, नाहीतर शू कायम घासत राहतील, ड्रम तापेल आणि तापला की आहे तो खेळही संपेल. त्यांचं बरोबर होतं. चेन आवळल्यावर मागचा ब्रेक परत बघायचा, हेही त्यांनी बजावलं. चाक मागे सरकतं, रॉड तेवढाच राहतो, म्हणजे ब्रेक आपोआप ओढला जातो. चेन आवळून देणारे कितीजण हे बघतात ते तुम्हीच आठवा.

खर्च: दोन्ही चाकं खोलणं, साफसफाई, सेटिंग मिळून मजुरी ४०० रुपये. शूच्या दोन जोड्या, केबल, पिन आणि ब्रेक लाइटचा स्विच (तो पाय अर्धा खाली गेल्यावर लागत होता) मिळून ९०० च्या आत. बिल मिळत नाही, पाठकोऱ्या कागदावर बेरीज मिळते. शू मामा एका ठरलेल्या दुकानातून आणतात आणि डब्यावरचा महिना-वर्ष दाखवूनच फोडतात. वेळ अख्खी सकाळ गेली. बसायला एक स्टूल, त्यावर बहुतेक वेळा कार्बोरेटर बसलेला असतो.

मामांनी जाताना एवढंच सांगितलं की शू ड्रमला बसेपर्यंत जपून. नवं लायनर सुरुवातीला ड्रमला पूर्ण टेकत नाही, त्यामुळे पहिले काही किलोमीटर ब्रेक आधीपेक्षा कमीच वाटतो. मी त्या संध्याकाळी खारेगावच्या आतल्या रस्त्यांवर हलके हलके ब्रेक मारत फिरले आणि दुसऱ्या दिवशी ठाणे-बेलापूरवर काढली. आता पेडल दाबल्यावर आधी खोल जायचं आणि मग एकदम धरायचं, ते गेलंय. जेवढं दाबाल तेवढं लागतं.

पावसाळ्यानंतर मी परत जाणार आहे. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरतं आणि त्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक क्षणभर नसल्यासारखेच होतात. बाहेर पडल्यावर थोडं अंतर ब्रेक हलकेच दाबून धरत गेलं की शू तापून कोरडे होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तेच पाणी आत राहून कॅम गंजवतं, म्हणून पावसाळा संपल्यावर एकदा खोलून घेतलेलं बरं. मामा त्यासाठी मागच्या चाकाचे २०० घेतात.

जायचं असेल तर सकाळी १० च्या आत जा, सोमवारी बंद. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, डिलिव्हरीवाल्या पोरांची रांग असते आणि मामा त्यांची कामं आधी करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पावसात शटरबाहेर छप्पर नाही, गाडी भिजते. काढलेले जुने शू मागून घ्या आणि लायनरची कड स्वतः बघा; न मागता ते देत नाहीत, कोपऱ्यातल्या पिंपात टाकतात.